एक जास्तीचा प्रश्न

इंग्लंडमध्ये मृत्युपत्र करायला वकिलाच्या कचेरीत जावंच लागतं असं नाही. कायद्याची कामं करणाऱ्या कंपनीला फोन केला की पलीकडचा माणूस एकेक गोष्ट विचारत जातो. घर कोणाच्या नावावर आहे? बँकेत काय आहे? मुलं किती? लहान असतील तर पालक कोणाला नेमायचं? आणि हे सगळं पार पाडायची जबाबदारी कोणावर टाकायची? उत्तरांवरून मसुदा तयार होतो. दोन साक्षीदारांसमोर त्यावर सही झाली की मृत्युपत्र झालं. या प्रश्नावलीत दानधर्म नसतो. तो नसावा असं कुणी ठरवलेलं नाही, एवढंच की तो असावा असंही कुणी ठरवलेलं नाही.

मे २०१३ मध्ये ब्रिटनच्या कॅबिनेट ऑफिसने देणग्यांवर एक छोटा अहवाल काढला. त्यात अशाच एका कंपनीत, को-ऑपरेटिव्ह लीगल सर्व्हिसेसमध्ये, केलेल्या प्रयोगाचा निकाल आहे. प्रयोग एका प्रश्नाचा होता. मृत्युपत्राची माहिती घेणाऱ्या माणसाने फोनवर एक वाक्य जास्तीचं बोलायचं आणि काय फरक पडतो ते मोजायचं. मृत्युपत्रातून संस्थांना देणगी कशी मिळवावी यावर जे काही बोललं जातं, त्यात मला हे प्रकरण सर्वांत कामाचं वाटतं. ते अनेकदा सांगितलं जातं आणि बहुतेक वेळा अर्धंच सांगितलं जातं, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमधल्या सेवाभावी संस्था मृत्युपत्रांवर किती चालतात याची आपल्याला कल्पना नसते. कॅन्सर रिसर्च यूकेच्या संशोधनाचा एक तृतीयांशाहून जास्त पैसा मृत्युपत्रांतून येतो. समुद्रात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या आरएनएलआय या संस्थेच्या बोटी दहा वेळा पाण्यात उतरतात, त्यांतल्या सहा वेळा तो खर्च कुणीतरी मृत्युपत्रात ठेवून गेलेल्या पैशातून भागतो. म्हणजे ही वरकड कमाई नव्हे, कणा आहे. तरीही मोहीम चालवणाऱ्यांची खंत अशी की घरच्यांची सोय झाल्यावर एखाद्या संस्थेला काहीतरी ठेवायला आवडेल असं म्हणणारे शंभरात ३५ निघतात आणि प्रत्यक्षात ठेवणारे फक्त ७. या २८ माणसांसाठीच तिथे ‘रिमेंबर अ चॅरिटी’ नावाची मोहीम चालते. अनेक संस्थांनी मिळून ती चालवली आहे. एकट्या संस्थेने ‘आम्हाला मृत्युपत्रात आठवा’ म्हटलं तर ती मरणाची वाट बघत बसल्यासारखी दिसते, म्हणून सगळ्यांनी मिळून बोलायचं.

या मोहिमेने, को-ऑपरेटिव्हने आणि बिहेव्हियरल इनसाइट्स टीमने एकत्र येऊन हा प्रयोग केला. ही टीम २०१० मध्ये सरकारातच स्थापन झाली होती. लोक तिला ‘नज युनिट’ म्हणत. आपल्याकडे त्याला कोपरखळी खातं म्हणता येईल. सक्ती करायची नाही, पैसे वाटायचे नाहीत, फक्त विचारण्याची किंवा मांडण्याची पद्धत बदलून माणूस वेगळं वागतो का ते पाहायचं, हे त्यांचं काम.

सुमारे तीन हजार ग्राहकांचे तीन गट केले. कोण कोणत्या गटात जाणार हे ग्राहकाच्या आवडीवर किंवा ऐपतीवर ठरलं नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. पहिल्या गटाला नेहमीचेच प्रश्न. दुसऱ्या गटाला त्यांत एक साधा प्रश्न जास्तीचा, ज्याचा आशय असा: तुम्हाला मृत्युपत्रात एखाद्या संस्थेसाठी काही पैसे ठेवायचे आहेत का? तिसऱ्या गटाला थोडं लांब वाक्य. मराठीत आणायचं तर: आमचे पुष्कळ ग्राहक मृत्युपत्रात संस्थांसाठी काही ठेवतात, तुमच्या अगदी जिव्हाळ्याचं असं एखादं काम आहे का?

पहिल्या गटात शंभरातल्या पाच जणांनी आपण होऊन देणगी ठेवली. दुसऱ्यात १०.४ टक्क्यांनी. तिसऱ्यात १५.४ टक्क्यांनी. एका वाक्याने प्रमाण तिप्पट झालं.

हा निकाल जिथे तिथे सांगितला जातो आणि बहुतेक वेळा इथेच थांबतो. रकमांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. पहिल्या गटात ज्यांनी देणगी ठेवली त्यांची सरासरी ३,३०० पौंड होती. साधा प्रश्न विचारलेल्यांची ३,११०, म्हणजे किंचित कमीच. जिव्हाळ्याचा प्रश्न विचारलेल्यांची ६,६६१. साध्या प्रश्नाने देणारे दुप्पट झाले, पण देणगी तेवढीच राहिली. जिव्हाळ्याच्या प्रश्नाने देणारेही वाढले आणि प्रत्येकाची देणगीही दुप्पट झाली. दोन्ही मिळून त्या गटातून ९ लाख ९० हजार पौंड लिहून दिले गेले. काहीच न विचारलेल्या गटापेक्षा ८ लाख २५ हजार जास्त. खर्च एका वाक्याचा.

माझ्या मते प्रकरणाचं मर्म या रकमांत आहे. ‘ठेवायचे आहेत का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणता येतं. हो म्हणणाराही मग ‘बरं, किती ठेवतात साधारण?’ अशा सुरात येतो आणि वर्गणीसारखा एक आकडा सांगतो. ‘जिव्हाळ्याचं काम आहे का?’ याला हो म्हणून भागत नाही. काय ते सांगावं लागतं. आईला ज्या रुग्णालयात नेलं होतं ते, आपण वाढलो त्या गावातली शाळा, पाळलेला कुत्रा. टेक्सस टेक विद्यापीठातल्या रसेल जेम्स यांनी मेंदूच्या चित्रणाचे प्रयोग केले आहेत. माणूस मृत्युपत्रातल्या देणगीचा विचार करतो तेव्हा स्वतःचं आयुष्य बाहेरून पाहिल्यासारखं आठवणारे भाग जास्त जागे होतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एरवीच्या देणगीत तसं तितकं होत नाही. मृत्युपत्रातली देणगी हा हिशेबाचा भाग नाही, आयुष्याच्या गोष्टीचं शेवटचं पान आहे, असं ते मांडतात. प्रयोगशाळेतल्या चित्रांवर मी फार भिस्त ठेवत नाही, पण फोनवरच्या आकड्यांशी ते जुळतं हे खरं.

आता या आकड्यांकडे थोडं वाकड्या नजरेनेही बघायला हवं. हजारातले पाच टक्के म्हणजे जेमतेम पन्नास माणसं. १५.४ टक्के म्हणजे दीडशेच्या आसपास. एवढ्या कमी माणसांच्या सरासरीत एखाद्या श्रीमंत आजीचं एक मोठं दान शिरलं तरी आकडा हलतो. देणाऱ्यांचं प्रमाण वाढलं हे ठाम सांगता येतं, सरासरी दुप्पट झाली हे तितक्या ठामपणे नाही. दुसरं, हे पैसे आलेले नाहीत, लिहिलेले आहेत. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. पन्नाशीतल्या माणसाने लिहिलेला आकडा नव्वदीत तसाच राहील याची हमी कोण देणार? तिसरं, तिकडे वारसा कर आहे. ३ लाख २५ हजार पौंडांच्या वरच्या मिळकतीवर ४० टक्के. संस्थेला दिलेल्या भागावर तो लागत नाही, आणि एप्रिल २०१२ पासून निव्वळ मिळकतीचा दहावा हिस्सा संस्थांना दिला तर उरलेल्यावरचा दर ३६ टक्के होतो. तो सगळ्याच गटांना सारखा लागू होता, त्यामुळे गटांमधला फरक करामुळे पडला असं म्हणता येत नाही. पण मुळात पाच जण का देत होते याचं थोडं उत्तर तिथे असू शकतं.

सर्वांत अवघड मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला अहवाल दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आला. तिसऱ्या गटाच्या वाक्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. ‘पुष्कळ ग्राहक ठेवतात’ ही एक, ‘जिव्हाळ्याचं काय’ ही दुसरी. एक म्हणजे चारचौघांचा दाखला, दुसरी मनाला घातलेला हात. परिणाम कशाने झाला? प्रयोगाच्या मांडणीतून हे सांगता येत नाही, कारण दोन्ही कधी वेगळी विचारलीच नाहीत. आणि पहिल्या भागाबद्दल मला प्रामाणिकपणाची शंका आहे. न विचारता ठेवणारे शंभरात पाच होते. मोठ्या कंपनीत पाच टक्के म्हणजे संख्येने पुष्कळ माणसं, हे खरं. पण फोनवर ‘पुष्कळ जण’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शंभरात पाच येत नाहीत. वाक्य खोटं नाही, पण ते कानावर पडतं तसं खरंही नाही. ज्याच्यावर विश्वास टाकून माणूस आपली सगळी मिळकत सांगतो आहे, त्याने असं वाक्य वापरावं का?

आपल्याकडे तर हा प्रश्नच उरत नाही. पुण्यात किंवा नाशकात बसलेला वकील ‘माझे पुष्कळ पक्षकार ठेवतात’ म्हणाला तर बहुतेक वेळा ती सरळ थाप असेल. म्हणून हे प्रकरण मराठीत आणायचं तर मी वाक्याचा अर्धा भाग टाकून देईन आणि अर्धाच घेईन. जिव्हाळ्याचं काम आहे का, एवढंच.

हे माझ्या डोक्यात आलं ते मावशीमुळे. मावशी निवृत्त शिक्षिका. काका गेले, मुलं नाहीत. तिने मृत्युपत्र करायचं ठरवलं तेव्हा तिला घेऊन मी वकिलांकडे गेलो होतो. वकिलांकडे छापील यादी होती: फ्लॅट, बँकेच्या ठेवी, लॉकर, दागिने, पीपीएफ, गावाकडची जमीन असल्यास गट नंबर. एकेक ओळ वाचत त्यांनी ‘हे कोणाला?’ विचारलं. मावशीने सगळं तिन्ही भाच्यांत वाटून टाकलं. अर्ध्या तासात काम संपलं. वकील चांगले होते, घाई केली नाही, चहाही पाजला. फक्त त्या यादीत फ्लॅट होता, लॉकर होता, आणि जिने बत्तीस वर्षं एका खेड्यातल्या शाळेत गणित शिकवलं त्या बाईचं आयुष्य नव्हतं. हे तेव्हा मलाही जाणवलं नाही. दोन वर्षांनी हा अहवाल वाचला तेव्हा जाणवलं.

शिवाय मूल नसणं ही या विषयातली लहान बाब नाही. अमेरिकेतल्या वृद्धांच्या पाहणीतून जेम्स यांनीच दाखवलंय की मृत्युपत्रात संस्थेला देणगी कोण ठेवील याचा सर्वांत चांगला अंदाज उत्पन्नावरून किंवा शिक्षणावरून येत नाही, मुलं-नातवंडं आहेत की नाहीत यावरून येतो. आपल्याकडे मूलबाळ नसलेल्या माणसाची मिळकत आपोआप भाच्या-पुतण्यांकडे जाते असं सगळेच गृहीत धरतात, खुद्द तो माणूससुद्धा.

आपल्याकडे हे जास्तीचं वाक्य विचारणं दोन कारणांनी अवघड आहे. पहिलं कारण, विषयच अभद्र. ‘मेल्यावरचं कशाला आत्ता?’ म्हणून बोलणं तोडलं जातं. म्हणून काही जण मृत्युपत्र न म्हणता इच्छापत्र म्हणतात. मला तो शब्द नुसता सौम्य म्हणून नाही, अर्थाने बरोबर म्हणून आवडतो. मृत्युपत्र म्हटलं की कोणाला काय मिळणार हा प्रश्न येतो. इच्छापत्र म्हटलं की तुमची इच्छा काय, हा. दुसरं कारण, विचारणाऱ्याच्या हेतूची शंका. आणि ती शंका घेणं चूक नाही. १९५८ मध्ये एका गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याचा फायदा होणार आहे त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि संशय दूर करायची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे संस्थेचा कार्यकर्ता आजोबांना रिक्षात घालून वकिलाकडे घेऊन गेला की भविष्यातल्या खटल्याची पायाभरणी झाली. इंग्लंडमधल्या प्रयोगाचं निम्मं बळ याच गोष्टीत होतं. विचारणारा कोणत्याही संस्थेचा नव्हता. कोणाचं नाव घेत नव्हता, कोणाची पत्रकं पुढे करत नव्हता. त्याचं काम मसुदा लिहिणं होतं आणि उत्तर ‘नाही’ आलं तर तो पुढच्या प्रश्नावर जात होता. तिसऱ्या गटातल्या ८५ टक्के लोकांचं उत्तर तेच होतं, हेही विसरू नये.

संस्थेला सगळं देऊन टाकलं की पुढे काय होतं याचं ब्रिटनमधलंच एक गाजलेलं उदाहरण या प्रयोगाशेजारी ठेवायला हवं. मेलिटा जॅक्सन या बाई २००४ मध्ये वारल्या. एकुलती एक मुलगी, हीदर इलॉट, सतराव्या वर्षी घरातून पळून गेलेली, आणि तेव्हापासून दोघींचा बोलाचालीचा संबंध जवळजवळ तुटलेला. बाईंनी सुमारे ४ लाख ८६ हजार पौंडांची जवळजवळ सगळी मिळकत प्राण्यापक्ष्यांसाठी काम करणाऱ्या तीन संस्थांना ठेवली: ब्लू क्रॉस, आरएसपीबी, आरएसपीसीए. हयातीत या संस्थांशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. मुलगी कोर्टात गेली. पहिल्या न्यायाधीशांनी तिला ५० हजार दिले, अपील न्यायालयाने २०१५ मध्ये तो आकडा तिप्पट केला, आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ५० हजारांवर आणला. संस्था जिंकल्या म्हणायचं, पण आईच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. ‘जिव्हाळ्याचं काम कोणतं?’ हा प्रश्न मेलिटाबाईंना विचारला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या कुणास ठाऊक. मुलीला द्यायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उरलेल्या जागेत संस्था आल्या असाव्यात असं प्रकरण वाचताना वाटत राहतं. रागातून ठेवलेली देणगी आणि मायेतून ठेवलेली देणगी कागदावर सारखीच दिसते. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र फरक कळू शकतो.

आता आपल्याकडे हे ‘हो’ कागदावर कसं उतरतं ते पाहू, कारण नुसतं हो म्हणून चालत नाही आणि इथे मराठी माणसाच्या चांगल्या हेतूंची बरीच माती झालेली आहे.

मुंबईतला एक जुना खटला यासाठी फार बोलका आहे. एका हिंदू गृहस्थाने मृत्युपत्रात काही मिळकत ‘धरम’साठी ठेवली. एवढाच शब्द. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८९९ मध्ये निकाल लागला की ही देणगी रद्द. शब्दकोश उघडून त्यांनी पाहिलं, तर धर्म म्हणजे कायदाही, सद्गुणही, कर्तव्यही. इतक्या मोघम शब्दावर न्यायालय देखरेख तरी कशी ठेवणार? आपल्या कोणत्याही आजीला विचारलं असतं तर तिने ‘धर्मादाय’ म्हणजे काय ते एका वाक्यात सांगितलं असतं, पण खटले आजीसमोर चालत नाहीत. अर्धं शतक उलटल्यावर १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, कलम १० मध्ये दुरुस्ती केली: केवळ धर्म, धर्मादा असे मोघम उद्देश लिहिले म्हणून सार्वजनिक न्यास रद्द ठरणार नाही. तरीही दुरुस्ती आहे म्हणून मोघम लिहावं असं कुणीही सांगणार नाही.

विठ्ठलभाई पटेलांचं उदाहरण तर अजून प्रसिद्ध माणसांचं. १९३३ मध्ये जिनिव्हाजवळ मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि मिळकतीचा मोठा भाग सुभाषचंद्र बोसांच्या हवाली केला, भारताच्या राजकीय उत्कर्षासाठी, शक्यतो परदेशातल्या प्रचारासाठी. १९३९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद टिकत नाही असं ठरवलं, आणि पैसा वारसांकडे गेला. हेतू कुणाला समजला नाही असं थोडंच आहे? पण कायद्याला समजेल असा तो लिहिलेला नव्हता.

मग काय लिहायचं? संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. आपण ज्याला ‘शाळा’ म्हणतो ती बहुतेक वेळा कायद्याच्या दृष्टीने कुणीच नसते. तिला चालवणारी शिक्षण संस्था हीच खरी व्यक्ती. ठराविक रक्कम लिहायची की उरलेल्या मिळकतीतला हिस्सा, हे नीट ठरवावं. आज भरघोस वाटणारे दोन लाख पंचवीस वर्षांनी चहापाण्याचे राहतात, उलट ‘सगळं वाटून उरेल त्यातला दहावा हिस्सा’ महागाईबरोबर वाढतो आणि घरच्यांना आधी मिळाल्याचं समाधानही देतो. फ्लॅट थेट न्यासाला देण्याआधी विचार करावा. सार्वजनिक न्यासाला स्थावर मिळकत विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि तोवर तो फ्लॅट कुलपात आणि सोसायटीचं बिल चालू. त्यापेक्षा ‘मृत्युपत्र पार पाडणाऱ्या व्यवस्थापकाने विकून येणारी रक्कम द्यावी’ असं लिहिलेलं बरं. बाकी विधीचा बाऊ करायचं कारण नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार मात्र हवेतच. बँकेत नामनिर्देशन भाच्याचं आणि मृत्युपत्रात ठेव संस्थेला, असं झालं तर वाद नक्की. नामनिर्देशित माणूस पैसे हातात घेणारा असतो, मालक नव्हे, हे बँकेत फॉर्म भरताना आपल्याला कुणी समजावून सांगत नाही.

किती ठेवता येतं हेही सगळ्यांना सारखं नाही. हिंदू माणूस स्वकष्टार्जित मिळकत सगळी ठेवू शकतो, एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या पुढे जाता येत नाही. गोव्यात, धर्म कोणताही असो, पोर्तुगीज वारशाचा नियम चालत आला आहे: मुलांसाठी निम्मा हिस्सा राखीव, दान उरलेल्यातून. भारतीय ख्रिस्ती माणसावर तर अजब अट होती. जवळचे नातलग असतील तर धर्मादाय देणगीचं मृत्युपत्र मरणाआधी किमान बारा महिने केलेलं असायला हवं, आणि केल्यापासून सहा महिन्यांत ते कायद्याने सांगितलेल्या ठिकाणी जमा केलेलं. मरणाची तारीख आधी कळवल्याशिवाय ही अट पाळायची कशी, हे कायदा करणाऱ्यांनाच माहीत. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आणि भारतात १९८५ पासून मृत्युकरच नाही, त्यामुळे ‘कर वाचेल’ हे गाजर दाखवायची सोयही नाही. इथे उरतो तो नुसता जिव्हाळा.

मावशीला मी शेवटी विचारलं. कोजागरीच्या रात्री, दूध आटत असताना. मनात धाकधूक होती, कारण हो म्हणाली तर कमी होणार होता तो माझाच वाटा, आणि नाही म्हणाली तर ‘हा माझ्या मरणाचा विचार करतोय’ असं तिला वाटणार. मी ते वाक्य अर्धंच विचारलं.

“मावशी, तुझ्या अगदी जिव्हाळ्याचं असं एखादं काम आहे का गं? ज्याला तुझ्यामागे काहीतरी जावं?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “शाळेत मुली आठवीनंतर येईनाशा व्हायच्या. एसटीचा पास काढायला पैसे नसायचे. मी दोघी-तिघींचे काढून द्यायचे, घरी तुझ्या काकांनाही सांगितलं नव्हतं.” आणि त्यानंतर दूध उतू जाईपर्यंत त्या मुलींची नावं, कोणाचं लग्न कुठे झालं, कोण तलाठी झाली, हे सगळं.

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच वकिलांकडे गेलो. मी लाभार्थी, म्हणून त्यांनी मला बाहेर बसवलं, आणि बरोबर केलं. मावशीने नवं मृत्युपत्र केलं. फ्लॅट तिघांचा, दागिने भाचेसुनांचे, आणि सगळं देऊन उरेल त्यातला पाचवा हिस्सा शाळा चालवणाऱ्या संस्थेला, नोंदणी क्रमांकासह. “आठवी ते दहावीच्या मुलींच्या प्रवासासाठी वापरावा, आणि पुढे तशी गरज न राहिल्यास त्याच मुलींच्या इतर शिक्षणखर्चासाठी.” शेवटचं अर्धं वाक्य वकिलांनी घातलं. उद्या प्रवासाचा खर्चच उरला नाही तर पैसा अडकून पडू नये म्हणून.

साक्षीदार म्हणून समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं आलं होतं. सह्या झाल्यावर वकिलांनी आपली ती छापील यादी पुढे ओढली आणि ‘गावाकडची जमीन’ या ओळीखाली पेनने एक ओळ लिहिली. मला ती उलटी दिसत होती, पण शेवटी प्रश्नचिन्ह होतं एवढं कळलं.